क्रूझचं जहाज गोव्यात एक दिवस थांबणार आहे. सोलापूरहून आईवडील आणि मुलांना घेऊन जातोय. एका दिवसात काय काय बघून होईल?

आग्वाद, कळंगुट, जुने गोवे, मंगेशी आणि वर दूधसागर, अशी यादी मनात असेल तर ती आधी घडी घालून खिशात ठेवा, मालक. मी सोलापूरचाच. आईवडिलांना घेऊन हीच मुंबई-गोवा क्रूझ केली आहे. माझं मत विचाराल तर बंदराजवळचा एकच किनारा धरा, तिथल्या रिसॉर्टात बूड टेकवा, डुंबा, जेवा आणि वेळेत परत या.

जहाज लागतं मुरगाव बंदरात, म्हणजे वास्कोला. उतरायची रांग, ओळखपत्रं, बंदराच्या गेटापर्यंत पोचणं यातच तासभर सहज जातो. परत चढायची वेळही जहाज सुटायच्या बरीच आधीची असते. एसटीसारखा हात दाखवून ते थांबत नाही. कळंगुट जुवारी नदीपलीकडे, पणजीच्याही पुढे. जुवारीवर नवा पूल झाल्यापासून तिथली जुनी कोंडी कमी झाली, पण जाऊन-येऊन निम्मा दिवस गाडीतच जाणार. दूधसागर तर विसराच. उत्तर गोवा बघायचाच असेल तर जून 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याला थेट विमान सुरू झालंय, तेव्हा निवांत बघा.

आम्ही बोगमाळोला गेलो. दाबोळी विमानतळाच्या मागच्या अंगाला, बंदरापासून दहाएक किलोमीटर. छोटी खाडी, एका टोकाला उंच जुनं हॉटेल, बाकी शॅक. गोव्यात ओला-उबर नाही, तेव्हा टॅक्सीचा भाव जाण्या-येण्याचा मिळून आधीच ठरवा आणि ड्रायव्हरचा नंबर घेऊन ठेवा. रिसॉर्टला चार दिवस आधी फोन करून विचारा: दिवसभराचा पास मिळतो का, त्यात जेवण धरलंय का, अंघोळीला गोडं पाणी आणि सामान ठेवायला जागा आहे का. पोहण्याच्या तलावात सुती कपड्यांनी उतरू देत नाहीत, मुलांचे पोहण्याचे कपडे घरूनच न्या.

आईनं पाण्यात जायला साफ नकार दिला होता. शेवटी ओल्या वाळूत प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली. प्रत्येक लाट परतताना खुर्चीचे पाय बोटभर खाली जायचे, तिला वाटायचं खुर्चीच ओढली जातेय, आणि ती "अगंबाई" म्हणत हसायची. तासभर तिथून हलली नाही. बाबा मात्र सावलीत बसून दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. असा एक माणूस सोबत असलेला बराच.

आपल्याला बेचाळीस डिग्रीची सवय, म्हणून तिथलं ऊन किरकोळ वाटतं. पण घाम वाळतच नाही. सोलापुरी टॉवेलचंही तेच. घरी गच्चीवर टाकला की अर्ध्या तासात कडक होतो, तिथं संध्याकाळीही ओलाच. माणशी दोन घ्या, आणि ओल्या कपड्यांना एक प्लास्टिकची पिशवी.

लाल-पिवळे झेंडे असतील तेवढ्याच पट्ट्यात उतरा. नुसता लाल असेल तर पाय ओले करण्यावर भागवा. हिप्परग्याच्या तलावात पोहणाऱ्यालाही समुद्राची ओढ वेगळी लागते.

मुलं कंटाळलीच तर बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे. सी हॅरियर हे लढाऊ विमान आहे, आणि सुपर कॉन्स्टेलेशन नावाचं अजस्र जुनं विमान बाहेरच उभं आहे. तासाभरात बघून होतं. सोमवारी बंद असतं, तेवढा वार बघून घ्या.

दारूच्या बाटल्या स्वस्त दिसल्या म्हणून भरून घेऊ नका. जहाजावर चढताना बॅगा मशीनमधून जातात आणि बाहेरची बाटली सहसा काढून घेतात. काजू घ्या हवे तेवढे.