एवढी घाणेरडी खेळणारी डेट्रॉईट पिस्टन्सची ‘बॅड बॉइज’ टीम कुणाला आवडूच कशी शकते?

मला आवडते. १९८७ साली शिकायला डेट्रॉईटला आलो, पुढे इथेच गाड्यांच्या धंद्यात नोकरी लागली, आणि तेव्हापासून एनबीएतली, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधली, ही टीम माझी आहे.

तुमच्या प्रश्नात तीन आरोप आहेत. ते माणसं पाडायचे, शिकागो बुल्सच्या मायकेल जॉर्डनला मारून मारून जिंकले, आणि १९९१ मध्ये हरल्यावर हात न मिळवता निघून गेले. २०२० मध्ये जॉर्डनवरची ती माहितीपट मालिका आली, तेव्हापासून पुण्या-मुंबईची एनबीए बघणारी भाचरं-पुतणेही मला हेच तीन मुद्दे ऐकवतात. एकाही बाबतीत मला मान खाली घालावीशी वाटत नाही.

जॉर्डनपासून सुरुवात करतो. ३ एप्रिल १९८८ ला, ईस्टरच्या रविवारी, त्याने पिस्टन्सवर ५९ पॉइंट चढवले आणि शिकागो ११२-११० ने जिंकलं. त्यानंतर कोच चक डेली आणि त्यांच्या सहाय्यकांनी जे ठरवलं ते ‘जॉर्डन रूल्स’. लोकांची समजूत अशी की त्यात एकच कलम होतं, आला की आडवा करा. तेही होतं. आपल्या माणसाला चुकवून तो आत घुसला तर फुकटची बास्केट द्यायची नाही, हे डेलींनी कधी लपवलं नाही. पण बाकीचा सगळा जागेचा हिशोब होता. चेंडू घेऊन तो मधोमध उभा असेल तर त्याला डावीकडे वळवायचं आणि तिथे दुसरा माणूस तयार ठेवायचा. तो डाव्या बाजूला असेल तर वरून लगेच दुसरा अंगावर जाणार, उजव्या बाजूला असेल तर हाच दुसरा जरा सावकाश येणार. बास्केटजवळ पाठ करून उभा राहिला तर दुसरा माणूस उंचापुरा हवा. कबड्डीत चढाई करणाऱ्याला हव्या त्या कोपऱ्यात नेऊन साखळीत घेतात, तसंच हे. पाचातला एक जरी अर्धा सेकंद उशिरा निघाला तरी सगळं कोसळतं.

या साखळीचं पहिलं टोक म्हणजे जो ड्युमार्स. उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे जॉर्डनपेक्षा कमीच. जुनी मॅच मिळाली तर चेंडूवरची नजर काढा आणि फक्त ड्युमार्सच्या पायांकडे बघा. कंबर खाली, पावलं जमिनीला घासत सरकणारी, चेंडूवर उगाच हात मारणं नाही. जॉर्डन खांदा टाकून हुलकावणी देतो आणि ड्युमार्सची छाती तरीही त्याच्या समोरच असते. मग जॉर्डन डावीकडे जातो, कारण दुसरी वाट शिल्लकच नसते, आणि तिथे आमचा डेनिस रॉडमन किंवा जॉन सॅली पोचलेला असतो. आपल्याला सगळ्यात कठीण गेलेल्या डिफेन्डरांमध्ये खुद्द जॉर्डननेच ड्युमार्सचं नाव घेतलं आहे. खिलाडूवृत्तीसाठी एनबीए दर वर्षी एक पुरस्कार देते, तो १९९६ मध्ये पहिल्यांदा मिळाला ड्युमार्सलाच. आज त्या ट्रॉफीला त्याचं नाव आहे. गुंडांची म्हणून हिणवल्या गेलेल्या टीमचा माणूस आहे हा!

हंगामाअखेरच्या बाद फेरीत, म्हणजे प्लेऑफमध्ये, चार मॅच आधी जिंकणारा पुढे जातो. तिथे १९८८ मध्ये पिस्टन्सने शिकागोला ४-१ असं हरवलं, १९८९ मध्ये ४-२, १९९० मध्ये ४-३. त्या शेवटच्या सिरीजची सातवी मॅच ९३-७४. ओळीने तीन वर्षं कुणी नुसत्या धक्काबुक्कीवर जिंकत नाही.

आता माणसं पाडण्याबद्दल. तो काळच तसा होता, आणि यात डेट्रॉईट एकटं नव्हतं. १९८४ च्या फायनलमध्ये बॉस्टनच्या केविन मॅकहेलने लॉस एंजेलिस लेकर्सच्या कर्ट रॅम्बिसला धावता धावता गळ्यात हात घालून आदळलं. त्या प्रसंगाबद्दल लोक आजही ‘तिथून सिरीज फिरली’ असं कौतुकाने बोलतात. १९८७ मध्ये बॉस्टनच्याच रॉबर्ट पॅरिशने भर मॅचमध्ये आमच्या बिल लॅमबिअरला ठोसे मारून खाली पाडलं आणि फाऊलसुद्धा दिला गेला नाही. पुढच्या मॅचला पॅरिशला बसवलं, एवढंच. हेच लॅमबिअरने पॅरिशला केलं असतं तर आजवर त्याच्या किती क्लिप्स फिरल्या असत्या, याचा विचार करा. बॉस्टनने केलं की जिगर आणि डेट्रॉईटने केलं की गुंडगिरी, हा न्याय मला तेव्हाही मान्य नव्हता.

लॅमबिअरचं प्रत्येक कोपर बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. बॉस्टनच्या लॅरी बर्डला त्याने ज्या पद्धतीने खाली खेचलं ते बघवत नाही. पण त्याच्याबद्दल एवढंच सांगणं अन्यायाचं आहे. त्याला उडी मारता येत नव्हती, अक्षरशः कागदाच्या गठ्ठ्याएवढीसुद्धा नाही, तरी १९८५-८६ मध्ये अख्ख्या लीगमध्ये रिबाऊंडच्या, म्हणजे हुकलेला चेंडू पकडण्याच्या, सरासरीत तो पहिला होता. चेंडू रिंगला लागून कुठे पडणार हे त्याला आधी कळायचं आणि तो तिथे आधी जाऊन उभा राहायचा. सलग ६८५ मॅच तो खेळला. आणि सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, असून लांबून थ्री-पॉइंटर मारायचा, १९९० च्या फायनलच्या दुसऱ्या मॅचमध्ये सहा मारले. आज प्रत्येक टीम असा सेंटर शोधत असते.

राहिलं १९९१. २७ मे, शिकागो चौथी मॅच जिंकून ४-० करणार, ७.९ सेकंद शिल्लक, आणि पिस्टन्सचा कॅप्टन आयझाया थॉमस, लॅमबिअर वगैरे मंडळी बुल्सच्या बाकासमोरून निघून गेली. हात मिळवायला हवा होता, हे आयझायाने स्वतःच नंतर कबूल केलं आहे. मलाही तसंच वाटतं. पण त्याच्या आदल्या दिवशी जॉर्डनने पत्रकारांसमोर ही टीम बास्केटबॉलच्या नावाला बट्टा आहे, ती चॅम्पियन म्हणवून घ्यायच्या लायकीची नाही अशा अर्थाचं बोलून घेतलं होतं, ते कुणी सांगत नाही. १९८८ मध्ये पिस्टन्सने बॉस्टनला हरवलं तेव्हा मॅच संपायच्या आत बॉस्टनवालेही असेच आत निघाले होते, आयझायाशी बोलायला मॅकहेल तेवढा थांबला, हेही नाही. आणि ड्युमार्स आणि जॉन सॅलीने त्या दिवशी शिकागोच्या खेळाडूंशी हात मिळवले, ते तर अगदी विसरूनच गेले सगळे. आयझायाने किंमतही मोजली. १९९२ च्या अमेरिकेच्या ऑलिम्पिक टीमचा कोच चक डेली, आणि टीममध्ये आयझाया नाही.

माझ्या मते या टीमवरचा राग मुळात वेगळा आहे. बर्ड, लेकर्सचा मॅजिक जॉन्सन आणि जॉर्डन या तिघांवर लोकांनी जीव लावला होता, आणि या तिघांनाही डेट्रॉईटने वाटेत अडवलं. आयझाया यायच्या आधीच्या दोन हंगामांत ही टीम ८२ पैकी १६ आणि २१ मॅच जिंकली होती. मग शिकागोच्या गरीब वेस्ट साइडचा हा पोरगा आला. ड्युमार्स ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, अठराव्या क्रमांकावर निवडलेला. रॉडमन सत्ताविसाव्या, आणि कधीकाळी डॅलसच्या विमानतळावर झाडू मारणारा. दोन्ही विजेत्या हंगामांत, १९८९ आणि १९९० ला, पिस्टन्सकडून एकाचीही सरासरी २० पॉइंटपर्यंत गेली नाही. ज्या शहरात गाड्यांचे कारखाने बंद पडत होते आणि बाकीचा देश आमच्याकडे बघून नाक मुरडत होता, त्या शहराला ही टीम आपली वाटली यात नवल काय? माझ्यासारखा सांगलीहून आलेला, कुणाला न ओळखणारा विद्यार्थीसुद्धा पिस्टन्सच्या सिल्व्हरडोम स्टेडियमच्या स्वस्तातल्या वरच्या रांगेत बसला की शेजारच्या कारखान्यातल्या माणसाच्या गळ्यात पडून ओरडायचा.

तुम्हाला एकच मॅच बघायची असेल तर आम्ही हरलेली बघा. १९८८ ची फायनल, लेकर्सविरुद्ध, सहावी मॅच. पिस्टन्स ३-२ ने पुढे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आयझायाचा घोटा मुरगळतो, तो खाली बसतो, बाहेर जातो, थोड्याच वेळात लंगडत परत येतो आणि त्या एका क्वार्टरमध्ये २५ पॉइंट करतो. फायनलमधला तो विक्रम अजून मोडलेला नाही. शेवटचा एक मिनिट, डेट्रॉईट १०२-९९ ने पुढे. मग १०२-१०१ होतं. १४ सेकंद बाकी असताना लेकर्सचा करीम अब्दुल-जब्बार हूक शॉट मारतो, चेंडू आत जात नाही, पण लॅमबिअरवर फाऊल दिला जातो. करीमचे दोन्ही फ्री थ्रो आत, १०३-१०२, आणि दोन दिवसांनी सातवी मॅचही गेली.

तेवढा तुकडा सावकाश, थांबवून थांबवून बघा आणि लॅमबिअरचा हात करीमला कुठे लागतो ते मला इथेच खाली लिहून सांगा. मला तो फाऊल आजवर दिसलेला नाही.