ताई, एवढा वेळ आणि एवढा दम आणायचा कुठून?

गेल्या अंकात धंदा, मुलं आणि तब्येत तिन्ही सांभाळणाऱ्या आयांवर लेख आला होता, तेव्हापासून पत्रांचा आणि मेलचा नुसता ढीग पडलाय. निम्म्या जणींना लेख आवडला, निम्म्या माझ्यावर चिडल्यात. चिडलेल्यांची पत्रं आधी घेते, त्यांच्या म्हणण्यात जास्त तथ्य आहे.

प्रश्न: ताई, लेख वाचून खरं सांगू का, रडूच आलं. मुलगी अकरा महिन्यांची आहे, घरूनच ऑनलाइन ऑर्डरचा धंदा करते, रात्री दोन-तीनदा उठणं आहेच आणि तुमच्या त्या बायका पहाटे साडेचारला उठून दहा किलोमीटर पळून मग मीटिंगला जातात. मी दोन मजले चढले की धापा टाकते. माझ्यातच काही कमी आहे का?

उत्तर: अगं, तुझ्यात काही कमी नाहीये, लेखात होतं. पहाटेचं पळणं छापून येतं, त्या वेळी बाळाजवळ कोण झोपलेलं असतं ते कुणी छापत नाही. आम्हीही छापलं नाही.

आता ॲलिसन फेलिक्सचंच बघ, अशा लेखांत तिचं नाव हमखास येतं. अमेरिकेची धावपटू. नोव्हेंबर २०१८ मध्ये गरोदरपणात बीपी धोकादायक वाढलं (प्रीएक्लॅम्पसिया) म्हणून बत्तिसाव्या आठवड्यात घाईघाईत सिझर करावं लागलं, मुलगी आयसीयूत. त्याच सुमारास स्पॉन्सर कंपनीशी नव्या कराराची बोलणी चालू होती आणि कंपनी म्हणे आधीपेक्षा सत्तर टक्के कमी पैसे देणार, हे तिने स्वतःच २०१९ मध्ये जाहीर लिहिलं. मग तिने तो स्पॉन्सर सोडला, २०२१ मध्ये भावाबरोबर 'सेश' नावाची बायकांसाठी बुटांची कंपनी काढली आणि त्याच वर्षी टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्याच कंपनीचे बूट घालून ४०० मीटरला ब्रॉंझ आणि रिलेत गोल्ड मिळवलं. भारीच आहे, वादच नाही. पण एक लक्षात घे, पळणं हे तिचं कामच होतं. कोच होता, फिजिओ होते, दिवसाचे तास त्यासाठीच राखलेले होते. तिच्या दिवसाशी तू तुझा दिवस लावून बघायला लागलीस तर रडूच येणार. तिच्याकडून घ्यायचंच असेल तर हे घे की तिला जे लागत होतं ते तिने तोंड उघडून मागितलं, नाही मिळालं तर उठून दुसरीकडे गेली.

बाकी, दोन मजल्यांत धाप लागते म्हणतेस तिथे मी थांबले. ते आळसामुळेच असेल असं धरून चालू नकोस. बाळंतपणानंतर हिमोग्लोबिन कमी राहिलेलं असणं अगदी कॉमन आहे (बायकांमध्ये १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया धरतात), आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइडही बिघडू शकतं. दोन्ही साध्या रक्ततपासणीत कळतं, ती आधी करून घे, पळायचे बूट नंतर घे. धापेबरोबर छातीत दुखत असेल, पाय सुजत असतील किंवा आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठ. आणि रडू फक्त लेख वाचूनच येतंय की रोजच येतंय? रोज येत असेल तर तेही डॉक्टरला सांग, बाळंतपणानंतरचं डिप्रेशन पहिल्या वर्षात केव्हाही डोकं वर काढू शकतं आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

गजर साडेचारचा अजिबात लावू नकोस. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते, तुला ती तुकड्यातुकड्यांत मिळतेय आणि त्यातलाही एक तुकडा व्यायामाला देऊन बसलीस तर आठवड्याभरात व्यायाम सुटेल आणि वर स्वतःला नावं ठेवशील ते वेगळंच.

प्रश्न: मला सलग अर्धा तास कधीच मिळत नाही. पाच-दहा मिनिटांचा काही उपयोग होतो का, की मनाचं समाधान?

उत्तर: होतो. आधी असा नियम होता की सलग दहा मिनिटं तरी झाली तरच ती मोजायची, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये नवीन मार्गदर्शन काढलं त्यात ही अट काढून टाकली. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा व्यायाम, एवढं सांगितलंय, तुकडे कसेही पाडा. मध्यम म्हणजे किती, तर बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत दम लागला पाहिजे. सप्लायरशी फोनवर बोलताना खुर्चीत बसायच्या ऐवजी भरभर चाल, तेही धर. फक्त घरकामात दिवसभर उभी असते म्हणून व्यायाम झालाच असं म्हणू नकोस, उभं राहणं वेगळं आणि दम लागणं वेगळं.

प्रश्न: हे विचारायला लाज वाटतेय. दोन मुलं आहेत, धाकटा तीन वर्षांचा. मागच्या महिन्यात मैत्रिणीबरोबर झुंबाला गेले आणि उड्या मारताना लघवी गळली. शिंकले तरी होतं. मैत्रीण म्हणाली आपल्या सगळ्यांचंच होतं, पॅड लाव आणि चल. क्लास सोडून दिलाय.

उत्तर: लाज बाजूला ठेव, या महिन्यात हाच प्रश्न जरा वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणींनी विचारलाय. मैत्रिणीचं अर्धं खरं आहे, पुष्कळ जणींचं होतं. पण पुष्कळ जणींचं होतं म्हणून पॅड लावून गप्प बसायचं हे मला अजिबात पटत नाही, कारण याच्यावर उपाय आहे आणि तो ऑपरेशनचा नाही. म्हणजे पहिला तरी नाही.

ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखे स्नायू असतात, पेल्विक फ्लोअर म्हणतात. गरोदरपणात आणि बाळंतपणात ते ताणले जातात, मग उडी, खोकला, शिंक असा अचानक दाब आला की त्यांना वेळेवर आवळता येत नाही. त्यांचा व्यायाम असा: आधी आडवी हो, गुडघे वाकव. गॅस आणि लघवी दोन्ही एकदम रोखायचीये असं समजून आतून वर ओढ. पोट आत खेचायचं नाही, नितंब आवळायचे नाहीत आणि श्वास तर मुळीच रोखायचा नाही. मोठ्याने आकडे मोजलेस तर श्वास आपोआप चालू राहतो. पाच-सहा आकड्यांपर्यंत धर आणि मग पूर्ण सोड, ते सोडणं बहुतेक जणी विसरतात. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा, आणि कमीत कमी तीन महिने. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नकोस. लघवी करता करता मध्येच रोखून हा व्यायाम करायचा असंही ऐकशील, तसं रोज करू नये.

जमतंय की नाही कळत नसेल (आणि पहिल्यांदा बऱ्याच जणींना कळत नाही) तर बायकांच्या तक्रारी बघणाऱ्या फिजिओकडे एकदा जा. काहींच्या बाबतीत उलटं असतं, स्नायू ढिले नसून सतत आवळलेले असतात, संबंधाच्या वेळी दुखतं वगैरे, त्यांनी घरच्या घरी आवळत बसू नये. झुंबा कायमचा सोडायचं कारण नाही, सध्या उड्यांच्या जागी पाय बाजूला टाकत नाच, इन्स्ट्रक्टरला एवढंच सांग की मला जंप नको.

आणि नुकत्याच बाळंत झालेल्या ज्या जणी हे वाचतायत त्यांच्यासाठी: धावायला लागायची घाई नको, निदान तीन महिने तरी थांबा असं बायकांच्या फिजिओ सांगतात, आणि तेव्हाही गळणं, खाली जड जड वाटणं किंवा दुखणं असेल तर आधी ते दाखवा. चालणं मात्र डॉक्टर हो म्हणाले की लगेच सुरू करता येतं.

प्रश्न: माझा धंदा आता बरा चाललाय, पण पॅकिंगपासून कस्टमरच्या मेसेजपर्यंत सगळं मीच बघते, कंबर कायम धरलेली. जिम लावते म्हटलं तर घरचे म्हणतात, मूल आहे, धंदा आहे, त्यात आणि हे खूळ कशाला?

उत्तर: घरच्यांची परवानगी काढायला जाऊ नकोस, तिथेच चुकतं. "मी जिम लावू का" हा प्रश्न आला की त्यावर चर्चा होते आणि चर्चेत तू हरणार. त्यापेक्षा सांग, मंगळवार-गुरुवार सात ते पावणेआठ मूल तुमच्याकडे. वार ठरलेला, वेळ ठरलेली, माणूस ठरलेला. आणि त्या वेळात घराबाहेर जा गं बाई, शेजारच्या खोलीत मॅट टाकून बसलीस तर पाचव्या मिनिटाला दारावर थाप पडते. फोन आलाच तर ताप, पडणं, लागणं यासाठी उचल, डायपर कुठे ठेवलेत यासाठी नको. पहिले काही दिवस कुरबुर होईल, मग डायपर कुठे असतात ते त्यांना कळतं.

आता धंद्याचं. धंदा बरा चाललाय आणि तरी पॅकिंग तूच करतेयस याचा अर्थ पगार वाचवायला तू कंबर खर्ची घालतेयस. पहिला माणूस ठेवायचा तो पॅकिंगलाच, दिवसाचे दोन तास का होईना. ते काम शिकवायला सगळ्यात सोपं आणि अंगावर सगळ्यात जास्त येणारं. मेसेजला ठराविक वेळेनंतर ऑटो रिप्लाय लाव, रात्री अकराला उत्तर मिळतं हे एकदा कस्टमरला कळलं की तो अकरालाच विचारतो.

कंबरेसाठी लगेच करता येण्यासारखं म्हणजे पलंगावर बसून लॅपटॉप बंद, पॅकिंगचं टेबल कोपरांच्या उंचीचं, अर्ध्या तासाने एकदा उठणं. बॉक्स उचलताना आधी छातीजवळ घे, गुडघे वाकव, उचलता उचलता श्वास सोड. दुखणं पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर व्यायाम नको, आधी डॉक्टर.

प्रश्न: वय ४७. मुलं मोठी झाली. आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचंय आणि वेट ट्रेनिंगही शिकायचंय. मुलगा हसतो. दोन्हीला उशीर झाला ना?

उत्तर: मुलाला हसू दे. फाल्गुनी नायर यांनी २०१२ मध्ये नायका ही मेकअपचं सामान ऑनलाइन विकणारी कंपनी सुरू केली तेव्हा त्या ४९ वर्षांच्या होत्या, जुळी मुलं मोठी झाली होती, बँकिंगमधली मोठी नोकरी सोडली होती. अर्थात मागे तेवढ्या वर्षांचा अनुभव आणि ओळखीही होत्या, ते धरूनच बघायचं. तुझ्याकडे कशाचा अनुभव आहे ते तू पत्रात लिहिलंच नाहीस, धंदा तिथूनच निवड.

वेट ट्रेनिंगला तर हीच वेळ आहे. पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि हाडं जास्त वेगाने झिजायला लागतात, स्नायू तर त्याच्या आधीपासूनच कमी होत असतात. नुसत्या चालण्याने हे भरून निघत नाही, वजन उचलावं लागतं. अंग पुरुषी होईल ही भीती काढून टाक, तसं व्हायला फार वेगळी मेहनत लागते. बीपी तपासून घे, पहिले दोन महिने शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखाली कर, आठवड्यातून दोन दिवस पुरे. खुर्चीतून हात न टेकता उठणं, भिंतीवर पुशअप, हातात हलकी डंबेल्स, इथून सुरुवात. तीच हालचाल पुन्हा पुन्हा करताना शेवटच्या दोन-तीन वेळा जड गेल्या पाहिजेत, पंधरा-वीस सहज होत असतील तर वजन वाढवायची वेळ झाली.

फक्त दोन्ही एकाच महिन्यात सुरू करू नकोस. आधी व्यायामाचे दोन दिवस पक्के बसू देत, मग दुकानाचं बघ, कारण धंदा एकदा सुरू झाला की तो मागेल तेवढा वेळ खातो आणि कॅलेंडरवरचे नवीन दिवस सगळ्यात आधी गिळतो.