चिलेटेड झिंक: ‘बांधलेलं’ जस्त की ‘धरलेलं’ जस्त?

कोथरूडच्या एका ताईंनी विचारलं आहे: सासवडकडे सासऱ्यांची अंजिराची बाग आहे. तिच्यासाठी आणलेल्या पुडीवर ‘चिलेटेड झिंक, १२ टक्के’ असं छापलेलं आहे. मुलाने त्याचं ‘बद्ध जस्त’ असं मराठी केलं. त्यावर सासरे म्हणाले, “बांधूनच ठेवलंय, तर झाडाला मिळणार कसं?” तेव्हा ‘चिलेटेड’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

सासऱ्यांची शंका अगदी रास्त आहे आणि उत्तराची सुरुवात तिथूनच करायला हवी. ‘चिलेट’ हा शब्द मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली घडवला, खेकड्याच्या नांगीसाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून. इंग्रजीत उच्चार ‘कीलेट’च्या जवळ जातो. पण आपल्याकडे दुकानदारापासून कृषी सहायकापर्यंत सगळे ‘चिलेटेड’च म्हणतात आणि तोच रुळला आहे, तेव्हा लिहितानाही तोच ठेवावा. मुळात नांगी आहे म्हणून ‘नांगीबद्ध’ असा शब्द करायचा मोह होतो. तो आवरावा असं मला वाटतं. मराठीत नांगी म्हटलं की आधी विंचू आठवतो आणि वाक्प्रचारात तर आपण नांगी टाकतो. खेकड्याची पकड मनात यायला वेळ लागतो, आणि इथे तर सगळं महत्त्व त्या पकडीलाच आहे.

ही पकड होते कशी? धातूचा एक कण आणि त्याला एकाच वेळी दोन किंवा जास्त ठिकाणी धरणारा एक सेंद्रिय रेणू. एकाच ठिकाणी धरलं तर धातू चटकन सुटतो. दोन्ही बाजूंनी धरलं की कडं तयार होतं आणि पकड कितीतरी घट्ट बसते. पुडीतल्या चिलेटमध्ये हे काम बहुतेक वेळा ईडीटीए नावाचा कारखान्यात बनवलेला रेणू करतो, तो सहा ठिकाणी धरू शकतो. जमिनीत हेच काम कुजलेला पालापाचोळा, शेणखत, मुळांचे अवशेष यांतून तयार झालेला ह्यूमस करतो. ह्यूमसच्या रेणूंवर कार्बोक्झिल आणि फिनॉल असे आम्लगुणी गट ठिकठिकाणी असतात. जिथे असे दोन गट शेजारी येतात, तिथे लोह, तांबं, जस्त, मँगनीज यांना धरायची जागा तयार होते.

हे डोळ्यांनी बघता येतं. हिरड्याची पूड पाण्यात उकळून गाळून घ्यायची आणि त्या पिवळट काढ्यात हिराकशीचा, म्हणजे फेरस सल्फेटचा, लहानसा खडा टाकायचा. खड्याभोवतीचं पाणी आधी निळसर-काळं होतं, ढवळून हवा लागली की सगळा काढा शाईसारखा काळा पडतो. हिरड्यातल्या टॅनिनच्या शेजारशेजारच्या फिनॉल गटांनी लोह धरलं, त्याचा तो रंग. जुनी काळी शाई आणि कापडावरचा काळा रंग याच मेळातून करत. ह्यूमसमधले गट याच जातकुळीचे आहेत. फक्त तिथे सगळं आधीच काळपट असल्यामुळे रंग बदललेला कळत नाही.

आता जमिनीकडे येऊ. पुणे जिल्ह्यातल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींचा सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, म्हणजे पीएच) बऱ्याचदा आठच्या आसपास किंवा वर असतो. सामू एका अंकाने वाढला की मातीच्या पाण्यात मोकळं राहणारं जस्त साधारण शंभर पटीने कमी होतं, आणि लोह तर हजार पटीने. म्हणून जमिनीत लोह टक्क्यांत मोजण्याइतकं असूनही ऊस पिवळा पडतो. बारामती भागात याला ‘उसावर केवडा पडला’ म्हणतात. (बाजरीवरचा केवडा वेगळा, तो बुरशीचा रोग आहे, त्यालाच गोसावी म्हणतात. दोघांना एकच शब्द असल्याने औषध चुकीचं फवारलं जाऊ शकतं, म्हणून दुकानात सांगताना पिकाचं नाव आधी घ्यावं.) अशा जमिनीत नुसतं झिंक सल्फेट फेकलं तर त्यातलं बरंचसं जस्त चुन्याला आणि मातीच्या कणांना चिकटून बसतं. तेच जस्त एखाद्या विरघळणाऱ्या सेंद्रिय रेणूने धरलेलं असेल तर ते पाण्याबरोबर मुळापर्यंत जातं आणि मुळाशी त्या पकडीतून सुटतं. म्हणजे ही पकड जस्ताला कोंडत नाही, चुन्यापासून वाचवते आणि पोचवते.

सासऱ्यांना अडचण आली ती ‘बद्ध’ या शब्दामुळे. मराठी शेतीलेखनात एक गोंधळ आधीपासून आहे आणि इथे तो वाढतो. ‘नत्र स्थिरीकरण’ आपण चांगल्या अर्थाने म्हणतो: हवेतला नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आला. आणि ‘स्फुरदाचं’, म्हणजे फॉस्फरसचं, ‘स्थिरीकरण’ नेमकं उलट: दिलेला स्फुरद जमिनीत अडकला, पिकाच्या हाती लागेना. शब्द एक आणि फळ विरुद्ध. त्यात चिलेटसाठी ‘बद्ध’ आणलं तर वाचणारा ते ‘अडकलेलं’ असंच वाचणार. सासऱ्यांनी तसंच वाचलं.

मग काय म्हणावं? मला वाटतं शब्द शेतकऱ्यांकडेच आहे, कोशात शोधायची गरज नाही. उसाच्या शिफारशींत कित्येक वर्षं एक ओळ असते: हिराकस, झिंक सल्फेट यांसारखी सूक्ष्म अन्नद्रव्यं चांगल्या कुजलेल्या शेणखतात एकास दहा या प्रमाणात मिसळून, ओलावा राखून काही दिवस मुरवून मग जमिनीत द्यावीत. यातला ‘मुरवून’ हा शब्द फार नेमका आहे. त्या दिवसांत धातूचे कण शेणखतातल्या आम्लगुणी गटांना लागतात, आणि ते चुन्याच्या तावडीत सापडण्याआधी सेंद्रिय पदार्थाने धरलेले असतात. मुरांबा मुरवणाऱ्या घरात या क्रियापदाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही: मिसळलं, वेळ दिला आणि एकजीव झालं. शेणखतात मुरवलेलं जस्त म्हणजे घरच्या घरी, थोड्या ढिल्या पकडीने ‘चिलेट’ झालेलं जस्तच.

थोड्या ढिल्या, असं मुद्दाम म्हटलं. ह्यूमसची पकड सगळ्या धातूंना सारखी नसते. सर्वसाधारणपणे तांब्याला ती सर्वांत घट्ट, जस्ताला त्याहून ढिली आणि मँगनीजला आणखी ढिली. आणि ह्यूमसचे सगळे रेणूही पाण्यात फिरणारे नसतात. फुल्विक आम्लाचे लहान रेणू विरघळून धातूला सोबत नेतात. मोठे, न विरघळणारे रेणू त्याला जागच्या जागी साठवून ठेवतात. म्हणूनच दलदलीच्या, जवळजवळ नुसत्या कुजक्या वनस्पतींच्या जमिनींत तांब्याची कमतरता दिसते: तांबं असतं, पण सेंद्रिय पदार्थ ते सोडत नाही. तिथे सासऱ्यांचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं असतं. आपल्या जमिनीत मात्र सेंद्रिय कर्बच इतका थोडा असतो की ती भीती नाही. अडचण असते ती धरणारं कुणी नसण्याची.

पुडीबद्दल एक सांगायला हवं, कारण तिथे दुसरा एक शब्द फसवतो. रसायनशास्त्राच्या भाषेत ईडीटीए हे सेंद्रिय संयुग आहे, कारण ते कार्बनचं आहे. पण सेंद्रिय शेती करणारा माणूस त्याला रासायनिकच म्हणणार, आणि त्याच्या अर्थाने तेही बरोबर आहे. तेव्हा चिलेट ‘सेंद्रिय रेणूने’ धरलेलं असतं हे वाक्य वाचून पुडी सेंद्रिय शेतीला चालेल असं समजू नये. टक्केवारीनेही गोंधळू नये: साध्या स्फटिकरूप झिंक सल्फेटमध्ये जस्त २१ टक्के असतं, ईडीटीएच्या पुडीत १२. आकडा लहान, पण चुनखडीच्या जमिनीत पिकाच्या वाट्याला येणारा भाग मोठा. लोहाचं गणित वेगळं. चुन्याच्या जमिनीत ईडीटीए लोहाला सोडून कॅल्शियमला धरतो, म्हणून ते चिलेट तिथे फवारणीतून देणं बरं. जमिनीतून द्यायचं असेल तर ईडीडीएचए या दुसऱ्या, लोहाला जास्त घट्ट धरणाऱ्या रेणूचं गडद लालसर चिलेट लागतं, ते महाग पडतं.

तर ताई, वस्तूचं नाव म्हणून ‘चिलेटेड झिंक’ किंवा ‘चिलेटेड जस्त’ तसंच राहू द्या, दुकानात तेच कळेल. समजावून सांगताना ‘बद्ध’ टाळा आणि ‘धरलेलं जस्त’ म्हणा. चुन्याने जे केलं त्याला ‘अडकलेलं’ म्हणा. शेणखतात घरी केलेल्याला ‘मुरवलेलं’. सासऱ्यांना असं सांगता येईल: “जस्त चुन्यात अडकू नये म्हणून ते धरून आणलंय, मुळाशी सुटतं.” आणि अंजिराला या वेळी पुडी न वापरता झिंक सल्फेट शेणखतात मुरवून द्यायचं त्यांनी ठरवलं, तर खत पूर्ण कुजलेलं आणि ओलसर आहे ना, एवढं मात्र आधी हातात घेऊन बघायला सांगा.