रस्त्याच्या कामाची माहिती मागितली तर ग्रामपंचायत ‘उपलब्ध नाही’ म्हणते. तक्रार कुठे करू?

आधी कागद मिळवा, तक्रार मग. कागदाशिवाय केलेली तक्रार चौकशीला जाते आणि तिथेच पडून राहते.

‘खर्च जास्त का झाला?’ असं माहिती अधिकाराच्या अर्जात लिहिलं असेल तर तो भाग विसरा. ‘का’चं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नाही, असलेला कागद द्यायला आहे. जोडपत्र ‘अ’मध्ये (अर्जाचा ठरलेला नमुना), 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, 150 शब्दांत, एकाच कामाबद्दल मागा: अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची (अभियंता कामाची मापं लिहितो ती वही) त्या कामाची पानं, देयक म्हणजे बिल, आणि नमुना 5 रोकड वहीतली नोंद.

खरी मेख मोजमाप पुस्तिकेत असते. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद, 15 सेंटिमीटर जाड म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. जागेवर जाडी 10 भरली तर 30 घनमीटरच पडलं. 15 घनमीटरचे पैसे हवेत गेले. लांबी-रुंदी कुणीही टेपने मोजतो, म्हणून चोरी जाडीत होते. कामाच्या नावातली ‘अमक्याच्या घरापासून तमक्याच्या घरापर्यंत’ ही हद्दही नीट वाचा. तोच तुकडा दुसऱ्या निधीतून, टोकं उलटी लिहून, पुन्हा दाखवलेला सापडतो.

ही पुस्तिका बऱ्याचदा अभियंत्याकडे, बांधकाम उपविभागात असते. म्हणून ‘उपलब्ध नाही’ हे उत्तर चालत नाही: माहिती अधिकार कायद्याच्या कलम 6(3) प्रमाणे अर्ज 5 दिवसांत तिकडे पाठवायला हवा होता. नेमकं हेच लिहून 30 दिवसांत पहिलं अपील करा, जोडपत्र ‘ब’, फी 20 रुपये. तोवर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत दप्तर बघायला जा. तशी सोय ठेवण्याचा राज्य शासनाचा 2018 चा आदेश आहे. कलम 2(ञ) मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क आहे. तो फारसा कुणी वापरत नाही, याची मला चीड येते.

‘गावातलं गावात मिटवा’ म्हणणारे भेटतीलच. हे दप्तर सरपंचाच्या घरचं नाही. गावात मिटवायचंच असेल तर ग्रामसभेत मोजमाप पुस्तिका वाचून दाखवा आणि तिथेच टेप लावा. तिथे टाळाटाळ झाली की गटविकास अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार, पोच घेऊन. मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी.

शहरात राहत असाल तर वरचं बरंचसं लागू आहे, पण दप्तराचे नमुने आणि अपिलाचे अधिकारी वेगळे.