साडेचार वर्षांचा मुलगा ‘गोल, त्रिकोण, चौकोन’ पाठ म्हणतो, पण पुस्तकाबाहेर ओळखत नाही. प्राण्यांचं प्रचंड वेड आहे. आम्ही कळव्याला राहतो. त्यातून शिकवता येईल का?

नक्की येईल. मी ठाण्यात बालवाडीच्या मुलांना शिकवते. तक्त्यावरचा त्रिकोण झटकन सांगणारी, पण तोच उलटा धरला की गप्प होणारी मुलं वर्गात नेहमी असतात.

या वयात मूल आकार ओळखतं ते एकंदर रूपावरून, बाजू मोजून नाही. पिएर आणि दिना व्हान हीले या डच शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये भूमिती समजण्याच्या पायऱ्या मांडल्या, त्यातली ही पहिलीच. पुस्तकांत त्रिकोण बहुतेक वेळा टोक वर करूनच छापलेला असतो, म्हणून मुलाला तेवढाच त्रिकोण वाटतो. प्राण्यांच्या अंगावर मात्र तो हवा तसा वळतो.

जुन्या लग्नपत्रिकांमधून एकाच मापाचे त्रिकोण कापा. मांजराचा कान करायचा तर टोक वर, माशाची शेपटी करायची तर आडवा, कोल्ह्याचं तोंड करायचं तर टोक खाली. तुकडा मुलानेच फिरवायचा. तुम्ही फक्त विचारा, “आता बाजू किती?” आणि प्रत्येक कडेवरून त्याला बोट फिरवू द्या. खऱ्या मांजराचा कान टोकाशी गोलसर असतो, म्हणून “कान त्रिकोणासारखा दिसतो” असंच म्हणा. सरळ कडा आणि टोकं बोटाला लागली की त्रिकोण म्हणजे काय ते त्याला हातानेच कळतं, व्याख्या सांगावी लागत नाही.

तुम्ही कळव्याला राहता, म्हणजे ऐरोली जवळच. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात ठाणे खाडीत फ्लेमिंगो असतात, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून भरतीच्या वेळा पाहून बोटी सुटतात. मुलाला जरूर न्या. अंग लंबगोल, मान नागमोडी, आणि पाय मुडपतो तिथे चक्क कोन! (आपल्याला गुडघा वाटतो तो खरा त्याचा घोटा. मुलांना हे ऐकून फार मजा वाटते.) घरी आल्यावर आइस्क्रीमच्या दोन काड्या टोकाशी धरून तो पाय उघडून-मिटून दाखवा. कोन लहानमोठा होतो हे त्याला दिसेल. नाव आत्ता सांगितलं नाही तरी चालेल.

नंतर टॅनग्रॅम, म्हणजे सात तुकडे जुळवून चित्रं करायचं कोडं, आणा. त्यात पाच त्रिकोण, एक चौरस आणि एक समांतरभुज चौकोन असतो. सातही तुकडे एकदम देऊ नका. चौरस टोकावर उभा करून वरच्या दोन कडांना छोटे त्रिकोण लावले की मांजराचं डोकं तयार होतं. उभा चौरस पाहून तो “शंकरपाळी!” म्हणेल. म्हणू द्या. मग तोच तुकडा हळूच आडवा करून त्याच्याकडूनच बाजू मोजून घ्या.