गावचं सभागृह कुणासाठी? कोकणातल्या वाचकांचे प्रश्न

कोकणातल्या बंद घरांवर लिहिल्यापासून गावात सभागृह बांधण्याबद्दल बरेच प्रश्न आले. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत 16 लाख 97 हजारांवरून 16 लाख 15 हजारांवर आली, त्यामुळे ही काळजी एकट्या-दुकट्या गावाची नाही. मी आर्किटेक्ट आहे, मला जे बांधताना समजलं ते सांगते.

प्रश्न : आमच्या मुंबई मंडळाने वर्गणी काढलीय. गणपती-शिमग्याला सगळे येतात तेव्हा जागा पुरत नाही म्हणून 300 माणसांचा हॉल बांधायचाय, प्लॅन कसा असावा? (विरार, गाव संगमेश्वर तालुका)

दादा, प्लॅनच्या आधी एक काम करा. जुलैमधल्या एखाद्या मंगळवारी गावी जा आणि दुपारी चारला गावात कोण कोण आहे ते मोजा. म्हातारी माणसं, त्यांचं करणाऱ्या बायका, चार-दोन पोरं, एवढेच भेटतील, आणि इमारत त्यांच्यासाठीच पाहिजे. 300 चा हॉल सणाला भरेल आणि बाकी वर्षभर कुलपात राहील.

मी 40 माणसांची एकच खोली धरीन, दोन बाजूंनी 8 फुटी पडवी आणि पुढे मोठं अंगण. सणाला अंगणात मंडप घाला, नमन-जाखडीसारखी लोककला तशीही उघड्यावरच रंगते. मागे एक छोटी बंद होणारी खोली ठेवा, तिथे आशाताई बीपी तपासतील, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, बँकेचं केवायसी अशी कामं होतील, पण त्यासाठी फोन हातात घेऊन जागेवर फिरा आणि जिथे रेंज येते तिथेच ती खोली काढा. आणि टॉयलेट पैसे उरले तर बघू असं अजिबात करू नका, कमोड आणि धरायला दांडा पहिल्या एस्टिमेटमध्येच घाला. टॉयलेट नसेल तर गुडघे दुखणारी आजी दहा मिनिटांच्या वर थांबत नाही.

प्रश्न : कंत्राटदार म्हणतो सरळ स्लॅब टाका, कौलं शाकारायला आता माणूस मिळत नाही. पत्रा स्वस्त पडेल का? (दापोली)

कंत्राटदार चूक बोलत नाही, शाकारणीला माणूस मिळणं खरंच कठीण झालंय. पण आपल्याकडे वर्षाला 3000 मिलीमीटरच्या वर पाऊस, सपाट स्लॅब काही वर्षांत गळायला लागतो आणि मग लोक त्याच्यावर पुन्हा पत्र्याची शेड घालतात, म्हणजे खर्च दोनदा. नुसत्या पत्र्याचं सांगायचं तर सुरुवातीच्या काळात मी एका गावात पत्र्याचं सभागृह केलं होतं, पहिल्याच पावसाळ्यात ग्रामसभेत शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना, लोक उठून देवळात गेले. ती चूक माझीच होती, नंतर खाली सीलिंग घालून दिलं.

आता मी कौलं आणि स्लॅब दोन्ही वापरते. मोठ्या खोलीवर लोखंडी कैच्या (छपराचे त्रिकोणी सांगाडे) आणि मंगलोरी कौलं, उतार 30 अंशांच्या आसपास, कडेची आणि कोन्याची कौलं पक्की बांधून. स्वयंपाकघर, टॉयलेट आणि छोटी खोली यांच्यावर मात्र स्लॅब, वर पाण्याची टाकी. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात तुमच्याकडे किती घरांची छपरं गेली ते तुम्ही बघितलंयच, अशा वेळी वाडीला शिरायला एक भक्कम जागा हवी. भिंती जांभ्याच्या करा. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो, बाहेरून प्लॅस्टर नको, चिऱ्यांमधल्या फटी नुसत्या भरल्या तरी पुरतं. फरशी गुळगुळीत नको, ओल्या पायाने माणसं घसरतात. जोतं 2 फूट असेल तर रॅम्प 24 फूट लांब लागतो, ती जागा आधीच धरा.

प्रश्न : वरची वाडी म्हणते देवळाच्या आवारात बांधूया. आम्ही बौद्धवाडीतल्या, तिथे आमच्या बायका मोकळेपणाने बसतील असं वाटत नाही. (राजापूर)

ताई, तुमचं म्हणणं ग्रामसभेत बोला आणि इतिवृत्तात लिहून घ्या. राळेगणसिद्धीत अण्णा हजारेंनी 1975 नंतर यादवबाबांचं देऊळ दुरुस्त केलं आणि गाव तिथेच जमायला लागलं, म्हणजे देवळापासून सुरुवात होऊ शकते, पण ज्या आवारात गावातल्या काही बायका ओटीवर बसायला कचरतात तिथे सगळ्यांच्या पैशाने सभागृह बांधू नये, हे माझं ठाम मत आहे. एसटी थांबा, रेशन दुकान, शाळा, जिथे सगळ्यांचे पाय आधीच वळतात तिथली जागा बघा. कुणी जमीन देत असेल तर सातबारा नीट वाचा, आपल्याकडे सामाईकात वीस-वीस नावं असतात आणि निम्मी मुंबईला. तोंडी दिलेली जागा पुढच्या पिढीत वादात जाते, ग्रामपंचायतीच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्रच करा.

प्रश्न : पट नाही म्हणून शाळा बंद झाली, ती इमारत वापरता येईल? (लांजा)

येईल, आणि नव्या बांधकामाच्या आधी हाच विचार करा. इमारत बहुतेक जिल्हा परिषदेची असते, म्हणून ग्रामसभेचा ठराव आणि लेखी परवानगी लागेल. वाशांना वाळवी आहे का ते मात्र आधी ठोकून बघा. महाबळेश्वरजवळच्या भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचं गाव झालं, पुस्तकं वाचायला ठेवली ती लोकांच्या घरांमध्ये, शाळा-देवळांत, त्यासाठी मोठी नवी इमारत लागली नाही.

प्रश्न : खरं सांगा, सभागृहाने तरुण परत येतील का? (ठाणे, गाव गुहागर तालुका)

नुसत्या सभागृहाने नाही येणार. हिवरे बाजारला सरपंच पोपटराव पवारांच्या काळात गेलेली कुटुंबं परतली ती पाणी अडवल्यामुळे, शेती आणि दूध सुरू झाल्यामुळे. पण असल्या कामांची बोलणी करायला बसायची जागा लागतेच ना. म्हणून स्वयंपाकघर जरा मोठं करा, मे महिन्यात बचत गटाच्या ताई तिथे फणसपोळी, कोकम करतील, फूड लायसन्सही त्याच पत्त्यावर काढता येईल आणि भाड्यातून लाइट बिल निघेल. पहिल्या वर्षी ते निघणार नाही, तेव्हा मंडळाने वर्गणीतला काही भाग बांधकामात न घालता त्यासाठी बाजूला ठेवावा. चाव्या दोन करा, एक वरच्या वाडीतल्या ताईंकडे, दुसरी खालच्या वाडीत.