फ्रेंचचा भूतकाळ आणि हरिकेन: पाठ आहे, पण लिहिता येत नाही. कसं समजावू?

प्रश्न असा आहे: भाची नववीत आहे. परीक्षेला फ्रेंचमध्ये ‘पासे कोंपोझे’ आणि ‘आंपार्फे’ हे दोन भूतकाळ आहेत, भूगोलात हरिकेन, म्हणजे गरम समुद्रावर उठणारं मोठं चक्रीवादळ. दोन्ही घडाघडा म्हणून दाखवते, पण उत्तर लिहायला बसली की सगळं विस्कटतं. विचारणाऱ्या मावशींना फ्रेंच येत नाही. मदत कशी करावी?

मावशी, फ्रेंच येत नसलं तरी मराठी येतं, त्यामुळे बरंचसं काम तुम्हीच करू शकता. मी फ्रेंचच्या शिकवण्या घेते आणि घरातल्या मुलांचा भूगोलही माझ्याच गळ्यात असतो, म्हणून सांगते. हे दोन धडे कितीही लांबचे वाटले तरी मुलं दोन्हींत एकाच जागी अडकतात. आधीपासून काय होतं आणि मग काय घडलं, हे ती वेगळं काढत नाहीत. दोन्ही एकाच यादीत कोंबून पाठ करतात.

आधी फ्रेंच. भाचीला एक मराठी वाक्य द्या: ‘पाऊस पडत होता, ती खिडकीशी बसली होती, तेवढ्यात दिवे गेले.’ पहिले दोन तुकडे म्हणजे परिस्थिती. तिथे आंपार्फे. दिवे गेले ही घटना. तिथे पासे कोंपोझे. आपल्या व्याकरणातला अपूर्ण भूतकाळ (‘वाचत होती’) आणि रीतिभूतकाळ (‘ती रोज येई’, बोलताना ‘यायची’) हे दोन्ही सहसा आंपार्फेच्या खात्यात जातात. ‘आली, पडला, वाचलं’ पासे कोंपोझेत. वर्णनं, म्हणजे आकाश निळं होतं, समुद्र शांत होता, पुन्हा आंपार्फेत.

मराठीचा हात धरून गेलं की एका ठिकाणी मात्र हमखास फसायला होतं. ‘ती दोन तास वाचत होती.’ मराठीत अपूर्ण, म्हणून मुलं आंपार्फे ठोकतात. पण दोन तास म्हटल्यावर त्या वाचनाला सुरुवात आणि शेवट मिळाला, कुंपण पडलं. फ्रेंचला ते पूर्ण झालेलं काम वाटतं, म्हणून पासे कोंपोझे. तेव्हा ‘चालू होतं का?’ एवढं विचारून भागत नाही. ‘कडा दिसतात का?’ हेही विचारायला लावा.

माझं आवडतं उदाहरण ‘साव्हुआर’ या क्रियापदाचं, म्हणजे ठाऊक असणं. आंपार्फेत ‘झ साव्हे’ म्हणजे मला माहीत होतं. पासे कोंपोझेत ‘झे स्यू’ म्हणजे मला कळलं. फ्रेंच एकाच क्रियापदाचा काळ बदलून जे साधते त्यासाठी आपण सरळ दुसरं क्रियापद घेतो. हे एकदा डोक्यात बसलं की दोन काळांतला फरक नियम न घोकता जाणवायला लागतो.

पुढचा डोंगर: पासे कोंपोझेत साहाय्यक क्रियापद ‘आव्हुआर’ (जवळ असणं) घ्यायचं की ‘एत्र’ (असणं)? शाळेत पंधरा-सतरा क्रियापदांची यादी पाठ करायला देतात: जाणं, येणं, निघणं, पडणं, राहणं, जन्मणं, मरणं वगैरे. या यादीशेजारी मराठी वाक्यं लिहा. ती गेली, ती आली, ती निघाली, ती पडली. एकाही वाक्यात ‘तिने’ नाही, आणि क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. एत्र लागलं की फ्रेंचमध्येही तसंच होतं: तो मेला ‘इल ए मोर’, ती मेली ‘एल ए मोर्त’. आता ‘सोर्तिर’ घ्या. ‘एल ए सोर्ती’ म्हणजे ती बाहेर पडली. ‘एल आ सोर्ती ल लिव्र’ म्हणजे तिने पुस्तक बाहेर काढलं. कर्म आलं, मराठीत ‘ने’ आला, फ्रेंचमध्ये एत्र जाऊन आव्हुआर आलं. मोंते (चढणं), देसांद्र (उतरणं), पासे (जवळून जाणं), रांत्रे (घरी परतणं) ही क्रियापदंही अशीच वागतात.

उलट दिशेने मात्र हा आडाखा वापरू देऊ नका. ‘ती झोपली’, ‘ती धावली’ यांत ‘ने’ नाही, तरी फ्रेंचमध्ये आव्हुआरच लागतं. आणि स्वतःवरच होणाऱ्या क्रिया (उठणं, स्वतःचं अंग धुणं), ज्यांच्याआधी ‘स’ लागतो, त्या सगळ्या एत्र घेतात. तिथे मराठीकडे बघायचंच नाही. चाचणीसाठी वाक्य नेहमी ‘ती’चं घ्या, कारण ‘मी’ आणि ‘तू’ यांचा ‘ने’ मराठीत दिसत नाही.

आव्हुआरबरोबरचं रूप एरवी बदलत नाही. फक्त कर्म आधी आलं तर बदलतं. ‘एल आ एक्री ला लेत्र’, तिने चिठ्ठी लिहिली: इथे ‘एक्री’. पण ‘ला लेत्र केल आ एक्रीत’, तिने लिहिलेली चिठ्ठी: आता ‘एक्रीत’, कारण चिठ्ठी स्त्रीलिंगी आणि ती पुढे येऊन बसली. मोठ्या फ्रेंच माणसांचीही इथे चूक होते. आपल्याकडे कर्म कुठेही असो, ‘लिहिली’च. म्हणून मराठी मुलांना हा नियम इतरांपेक्षा लवकर पटतो असं मला दिसतं. आंपार्फेची रूपं सोपी आहेत: वर्तमानकाळातलं ‘नू’चं (‘आम्ही’चं) रूप घ्या, शेवटचं ‘ओं’ काढा, प्रत्यय लावा. अपवाद एकटा एत्र.

आता हरिकेन. भाचीचं उत्तर बहुधा असं असेल: ‘समुद्र गरम असतो, डोळा असतो, वारे फिरतात, पाऊस पडतो.’ चारही गोष्टी खऱ्या, पण उत्तर नाही. तिला कागदाचे दोन भाग करायला सांगा.

डावीकडे परिस्थिती. पृष्ठभागाचं पाणी किमान २६.५ ते २७ अंश सेल्सिअस, आणि तेही वरच्यावर नव्हे, साधारण ५० मीटर खोलपर्यंत गरम. हवेत भरपूर दमटपणा. खालच्या आणि वरच्या थरांतल्या वाऱ्यांच्या वेगात, दिशेत फार फरक नाही, नाहीतर उभं राहणारं वादळ तिरकं होऊन मोडतं. विषुववृत्तापासून निदान ५ अंश अंतर. आणि आधीच कुठेतरी सुरू झालेली हवेतली गडबड. अटलांटिकमध्ये ती बऱ्याचदा पश्चिम आफ्रिकेकडून येते.

उजवीकडे घटना, आणि प्रत्येकीनंतर ‘मग काय?’ हा प्रश्न. पाण्याची वाफ होते. दमट हवा वर चढते. वर वाफेचं सांद्रीभवन होतं आणि अप्रकट उष्मा, म्हणजे वाफेत दडलेली उष्णता, बाहेर पडतो. त्याने आजूबाजूची हवा तापते, आणखी वर जाते. खाली दाब कमी होतो. कडेची हवा आत धावते आणि येताना समुद्रावरून आणखी वाफ उचलते. इथे चक्र पूर्ण होतं, आणि नेमकी हीच पायरी उत्तरपत्रिकेत गळते. आत धावणारी हवा सरळ मध्यावर पोहोचत नाही. पृथ्वीच्या परिवलनामुळे वळते, उत्तर गोलार्धात वादळ घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. विषुववृत्ताजवळ हे वळण जवळजवळ नसतं, म्हणून डावीकडची ५ अंशांची अट. जमिनीवर किंवा थंड पाण्यावर गेलं की वाफेचा पुरवठा तुटतो आणि वादळ ढासळतं. डोळ्यात, म्हणजे वादळाच्या मधोमध, हवा खाली उतरते, म्हणून तिथे शांत. सगळ्यात जोराचे वारे त्याला लागून असलेल्या ढगांच्या भिंतीत.

‘गरम आणि थंड हवेची टक्कर होऊन हरिकेन होतं’ असं तिने लिहिलं असेल तर खोडा. ते समशीतोष्ण पट्ट्यातल्या वादळांचं वर्णन आहे.

हरिकेन, टायफून, सायक्लोन यांत जागेचा फरक आहे, जातीचा नाही. वारे ताशी ११९ किलोमीटरच्या पुढे गेले की अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिकमध्ये हरिकेन, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून. सॅफिर-सिम्पसन श्रेणी १ ते ५ फक्त वाऱ्याचा वेग सांगते, हे तिच्या लक्षात आणून द्या. २००५ चं कॅटरिना हे हरिकेन अमेरिकेतल्या लुइझियानाच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा श्रेणी ३ चं होतं, पण शेजारच्या मिसिसिपीच्या किनाऱ्यावर समुद्र ८ मीटरहून उंच चढला आणि न्यू ऑर्लिन्सचे बंधारे फुटले. २०१७ च्या हार्वेने टेक्ससमध्ये काही ठिकाणी १५०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडला, त्यातला बराचसा वारे उतरल्यानंतर. ‘श्रेणी जास्त म्हणजे नुकसान जास्त’ हे विधान बरोबर की चूक असा प्रश्न आला तर ही दोन नावं पुरतात.

दोन्ही धडे एका बैठकीत पक्के करायचे तर भाचीला वादळावर फ्रेंचमध्ये आठ-दहा वाक्यं लिहायला सांगा. डावीकडचं सगळं आंपार्फेत, ‘ला मेर एते शोद’, समुद्र गरम होता. उजवीकडचं सगळं पासे कोंपोझेत, ‘ल व्हां आ तुर्ने’, वारा वळला. तुम्ही फक्त कागदाच्या मधली रेघ बघा. एखादं वाक्य चुकीच्या बाजूला गेलं असेल तर ते कळायला फ्रेंच यावं लागत नाही. शुद्धलेखन तिच्या बाई तपासतील.